गुडघ्यापाशी मोडलेली नक्षी

वस्तुसंग्रहालयातले सगळे लोक त्यांना 'वैद्यबुवा' म्हणत. पापुद्रे सुटलेली, ओल धरलेली, काळवंडलेली चित्रे बरी करणे हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. कोणत्याही चित्राला हात घालण्यापूर्वी, नाडी पाहावी तशी, दोन बोटे ते चौकटीच्या कडेवर क्षणभर टेकवीत. त्यावरून हे नाव पडले आणि अंगच्या सदऱ्यासारखे बसले. मनुष्य स्वभावाने स्थिर. एकदा भिंगाखाली मान घातली की जेवणाची वेळ टळून गेली तरी भान नसे. असे असताना गेले आठ दिवस त्यांचे आसन काही केल्या स्थिर होत नव्हते. बसत, उठत, खिडकीशी जात, परत येत. धुतलेले कुंचले पुन्हा धूत.

"वैद्यबुवा, आता तुम्हालाच कुणाला तरी दाखवायला हवं," संचालिकाबाई दारातून डोकावून म्हणाल्या. "पायाला भिंगरी बांधलीय का?"

"वय झालं," वैद्यबुवा म्हणाले आणि चित्राकडे पाठ करून उभे राहिले.

अस्वस्थतेचे मूळ त्या चित्रातच होते. वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या दालनात ते वर्षानुवर्षे टांगलेले होते. लवकरच भरणाऱ्या प्रदर्शनासाठी ते खाली कार्यशाळेत आणून मोठ्या खिडकीसमोर चित्रे ठेवायच्या लाकडी घोडीवर ठेवले होते. संग्रहालयाच्या नोंदीत त्याचे नाव 'विसावलेली स्त्री'.

सहा फूट लांब आणि चार फूट उंच असे ते चित्र. दिवाणावर एक तरुणी उशीला कोपर टेकून आडवी झालेली. चित्रकाराने तिच्या देहाला गोलाई दिली नव्हती, छायाप्रकाश दिला नव्हता. चेहरा म्हणजे गुलाबी रंगाचा सपाट तुकडा आणि त्यावर काळ्या रेषेचे दोन डोळे. अंगावरचे वस्त्र हिरवट निळे, एका दमात फासल्यासारखे. जे काही सांगायचे ते त्याने रंगांच्या नक्षीवर सोपवले होते. मागची भिंत शेंदरी आणि तिच्यावर काळ्या वेली. दिवाणावरचे पांघरूण गडद निळे. त्यावर किरमिजी पाचपाकळी फुलांच्या रांगा आणि दर दोन रांगांमधून एक हिरवा पट्टा. भिंत मागे आणि पांघरूण पुढे असा भेदही त्याने ठेवला नव्हता. दोन्ही नक्ष्या एकमेकींना खेटून समोर येत होत्या, आणि दोन जमावांच्या मधोमध सापडावी तशी ती स्त्री त्यांच्यात सापडली होती.

बावीस वर्षांपूर्वी छपरातली नळी फुटून या चित्रावर पाणी उतरले होते. उजव्या बाजूला खाली, स्त्रीच्या गुडघ्याच्या आसपास, रंगाचे काही पापुद्रे गळून पडले. ते वैद्यबुवांचे पहिले मोठे काम. त्या जागी त्यांना काहीतरी विचित्र आढळले होते. बाकी सर्वत्र शिस्तीत चाललेली फुले तिथे एकाएकी तिरपी झालेली. हिरवा पट्टा दुमडून दुहेरी झालेला. गुडघ्याला एकाऐवजी दोन बाह्यरेषा. आणि या सगळ्या गोंधळात नखाएवढा पिवळा रंग, जाड, उंचवट्यासारखा. साऱ्या चित्रात पिवळा दुसरीकडे कुठेही नव्हता.

दुसरा कोणी असता तर कदाचित थबकला असता. पण वैद्यबुवांचे वडील कापडावर लाकडी ठशांनी नक्षी उठवणारे कारागीर. लहानपणी त्यांनी घरात एकच आज्ञा ऐकली होती: जोड दिसता कामा नये. एका ठशाचे फूल संपते तिथून दुसऱ्या ठशाचे सुरू व्हायला हवे. केसाएवढे अंतर पडले तरी वडील ते कापड बाजूला टाकीत आणि त्या दिवशी जेवताना कोणाशी बोलत नसत. त्या घरात वाढलेल्या डोळ्याला मोडलेली नक्षी म्हणजे चुकलेली नक्षी, याव्यतिरिक्त अर्थ ठाऊकच नव्हता. पूर्वी कोणा अडाण्याने येथे डागडुजी केली असावी, असे त्यांनी ठरवले, आणि ठरवताना मन जराही चाचरले नाही.

त्यांच्या विद्येचा एक नियम आहे. आपण जे करू ते मागून येणाऱ्याला काढून टाकता आले पाहिजे. तो नियम त्यांनी पाळला. मूळ रंगावर रोगणाचा पातळ थर दिला आणि त्यावर पुसता येतील अशा रंगांनी फुले सरळ केली, पट्टा सरळ केला, गुडघ्याची एक रेषा झाकली. फक्त तो पिवळा उंचवटा काही केल्या नव्या फुलाखाली दबेना. तो त्यांनी धारदार पात्याने खरवडून काढला. अहवालात लिहिले: 'पूर्वीची अकुशल दुरुस्ती दूर करून नक्षी पूर्ववत केली.' सर्वांनी पाठ थोपटली. जोड कोठे आहे हे कोणालाही सांगता येईना.

आणि आता, बावीस वर्षांनी, भरपूर उजेडात ते चित्र पाहताना वैद्यबुवांची नजर कमरेपाशी येऊन अडत होती. कोपर ताणलेले, मान उचललेली, खांद्यात बळ. पण कमरेपासून खाली ती स्त्री निर्जीव झाली होती. दोन वेगवेगळ्या बायका मध्येच जोडल्यासारख्या.

नवव्या दिवशी सकाळी संचालिकाबाई एका वृद्धेला घेऊन आल्या. बाई ऐंशीच्या पुढच्या, पण चाल खटखट. खांद्याला कापडी पिशवी, पांढरे केस आखूड कापलेले.

"वैद्यबुवा, या आपल्या चित्रकारांच्या धाकट्या भगिनी. चित्रात आहेत त्या याच! मला तर विश्वासच बसेना. आजी, या, बसा इथे."

"आजी कुणाची? मला मूलबाळ नाही. छत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेत मी, सिस्टर म्हणा. आणि बसायचं राहू द्या. या चित्रापायी नऊ दिवस बसवलं होतं मला, तेवढं पुरे." त्यांनी चौकटीखालची पाटी वाचली आणि त्यांना हसू आवरले नाही. "विसावलेली! कुणाच्या डोक्यातून निघालं हे? मान अवघडली होती, पाठीला रग लागली होती, आणि म्हणे विसावलेली."

"हे नाव आमच्याकडेच ठेवलंय," संचालिकाबाई ओशाळून म्हणाल्या.

"तरीच. दादा असं गुळगुळीत नाव देणारा नव्हे."

मग त्यांनी आपली हकिकत सांगितली, उभ्यानेच. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. आईवडील गेल्यावर दादानेच वाढवले. रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला बोलावणारा कागद आला तो चित्र सुरू झाले त्याच सकाळी. दादाला सांगायचे धाडस होईना, म्हणून लपवून ठेवला. नवव्या दिवशी सांगणे भागच होते. संध्याकाळी हजर व्हायचे होते.

"सांगितलं तर म्हणतो, 'अजून दोन तास थांब.' म्हटलं, नाही थांबता येणार. उठले. तर केवढ्यानं ओरडला! 'गेलीस तर परत येऊ नकोस.' मीही त्याचीच बहीण. नाही आले परत."

त्यांनी पिशवीतून एक जुने पोस्टकार्ड काढले आणि वैद्यबुवांच्या हाती दिले. शाई तपकिरी पडली होती. तीन ओळी: चित्र पुरे झाले. गुडघ्यापाशी नीट बघ. मग काय बोलायचे ते बोल.

"वर्षभरानं आलं हे. मला वाटलं, अजून भांडतोय. चित्र काढताना दर पाच मिनिटांनी खेकसायचा, 'गुडघा हलवू नकोस!' म्हटलं, वर्ष उलटलं तरी याला माझा गुडघाच खुपतोय. कार्ड ट्रंकेत टाकलं. त्यानंही पुन्हा लिहिलं नाही. सत्तावीस वर्षं आम्ही दोघं असे आडमुठे. तो गेल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं." त्यांनी चष्मा नीट केला. "आता एवढ्यात मनात येतं, भांडायचंच असतं तर तीन ओळींत थांबला नसता. म्हणून आले. काय म्हणायचं होतं त्याला, ते एकदा बघून घेते."

त्या चित्रापाशी गेल्या आणि वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. 

"इथे तर काहीच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "सगळी फुलं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी. काय बघायचं?"

बोलण्याची वेळ हीच होती. वैद्यबुवांनी तोंड उघडले, आणि "काळाच्या ओघात... रंगांचं असं असतं..." एवढे पुटपुटून ते धुतलेले कुंचले पुसू लागले.

"असेल," त्या म्हणाल्या. पोस्टकार्ड त्यांनी परत घेतले आणि दोन वेळा चुकून पिशवीच्या बाहेरच घातले. "परवा दुपारच्या गाडीनं जायचंय मला. येते."

त्या गेल्या आणि वैद्यबुवांनी कार्यशाळेचे जाड पडदे ओढून घेतले. जांभळ्या किरणांचा दिवा लावला. त्या प्रकाशात जुना रंग मंद उजळतो आणि नंतर लावलेला रंग डागासारखा काळा दिसतो. पांघरुणावर गुडघ्याभोवती दीड तळव्याएवढा काळा डाग उमटला. वैद्यबुवांनी आपला तळहात त्यासमोर धरला. तो पुरेसा पडेना, तेव्हा दुसराही धरला. एका माणसाने आपल्या बहिणीला जे सांगून ठेवले होते, त्यावर आपण फुले छापली, हे त्यांना त्या काळोखात स्पष्ट दिसले. पण खालचे सगळे तसेच असेल का? आणि जे खरवडले त्याचे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संचालिकाबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले आणि सगळे सांगितले. पिवळ्याचे मात्र सांगितले नाही. तेवढे ओठांपर्यंत येऊन मागे फिरले.

संचालिकाबाईंनी कपाळाला हात लावला. "दहा दिवसांवर उद्घाटन आलंय. भित्तिपत्रकं छापून भिंतींवर लागलीत, त्यावर हेच चित्र! आणि तुम्ही ते खरडायला निघालात?"

"खरडायचं नाही. पुसायचं. मी लावलं तेवढंच."

"खाली काय निघेल?"

"ठाऊक नाही."

"वा! आणि अहो, तुमच्या याच कामाचा फोटो आपण विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवतो. दरवर्षी!"

"यापुढे चुकीचा नमुना म्हणून दाखवा. त्याचाही उपयोग होतो."

संचालिकाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. तीस वर्षांत या गृहस्थाने रजासुद्धा मागितली नव्हती. "दीड तळवा म्हणालात ना?" त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली. "त्यापुढे एक बोट सरकलात तर तुमची माझी गाठ आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर निरोपाप्रमाणे आल्या. वैद्यबुवा पांढरा डगला घालून तयार होते. घसा खाकरून ते म्हणाले, "बाई, तुमच्या दादांनी गुडघ्यापाशी काहीतरी काढलं होतं. ते मी झाकलं. मला ती चूक वाटली."

"तुम्ही?"

"मी."

सिस्टरांनी पिशवी खुंटीला अडकवली. "छत्तीस वर्षांत डॉक्टरांच्या पुष्कळ चुका पाहिल्या मी. आपण होऊन सांगणारे दोनच भेटले."

"मग मी तिसरा."

"एवढ्यात कुठे? आधी जखम उघडा तरी." त्यांची नजर ताटलीतल्या काड्यांवर गेली. "हा कापूस कुणी गुंडाळला? किती सैल! तंतू अडकतील की. द्या इकडे."

आणि मग ते दोघे कामाला लागले. सिस्टर काडीला घट्ट, गुळगुळीत बोळा गुंडाळून पुढे करीत. वैद्यबुवा तो द्रावणात टेकवून चित्रावर अगदी हलकेच फिरवीत. पहिला बोळा किरमिजी होऊन आला. बावीस वर्षांपूर्वी ज्या फुलाची पाकळी न् पाकळी त्यांनी श्वास रोखून रंगवली होती, ते फूल कापसावर उतरले, आणि त्याच्या जागी दुसरे फूल वर आले: तिरपे, ताणलेले, एक पाकळी पट्ट्याखाली दबलेली. वैद्यबुवांनी काडी वर उचलून धरली. पाणी त्या फुलापर्यंत पोहोचले नव्हते.

"थांबू नका," सिस्टर म्हणाल्या. "ड्रेसिंग काढताना मध्ये थांबलं की जास्त दुखतं."

फुलामागून फूल गळत गेले. ताटलीत लाल, निळ्या, हिरव्या बोळ्यांचा ढीग झाला. हिरवा पट्टा दुमडला. दोन ठिकाणी पाण्याने गेलेले तुकडे आपली कोरी तोंडे दाखवून मोकळे झाले. अखेरीस गुडघ्याची दुसरी रेषा उघडी पडली: पहिलीपेक्षा दोन बोटे वर, कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्याने ओढलेली. संचालिकाबाई मध्येच येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगंबाई."

कारण आता सगळे चित्रच हलले होते. पांघरूण गुडघ्याबरोबर ओढले जात होते, आणि त्याच्याबरोबर सगळी फुले चित्राच्या उजव्या कडेकडे, बाहेरच्या बाजूला, झुकली होती. ते एकदा दिसल्यावर भिंतीवरच्या काळ्या वेलीही त्याच दिशेला कलंडलेल्या दिसू लागल्या. ताणलेल्या कोपराला कारण मिळाले, उचललेल्या मानेला कारण मिळाले. ती स्त्री पडलेली नव्हती, उठत होती.

"मी उठले तेव्हा हे असंच ओढलं गेलं," सिस्टरांचा आवाज बारीक झाला. "'सगळं विस्कटलंस!' म्हणून ओरडला. मग मी गेल्यावर त्यानं ते नीट नाही केलं?"

"नाही. नीट मी केलं."

"विस्कटलेलंच रंगवलं." त्या स्वतःशीच मान हलवीत राहिल्या. "मला वाटायचं, त्यानं मान फिरवली होती. म्हणजे जाताना बघत होता मला."

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. आणि निघता निघता, वॉर्डमधला शेवटचा रोगी पाहावा तशा, पुन्हा एकदा वाकल्या. "हे काय? इथे रंगच नाही. नखाएवढं."

"पाण्यानं गेलं असणार, सिस्टर," संचालिकाबाई चटकन म्हणाल्या. "जुनी गळती. ते बघा, आणखी दोन ठिकाणीही आहे तसं."

वाट आयती मोकळी झाली होती. मान डोलावली असती तरी पुरे होते. अहवाल अर्धवट, साक्षीदार कोणी नाही, आणि म्हातारी मिळाले तेवढ्यावर समाधानी. वैद्यबुवांनी हातातली काडी ताटलीत ठेवली. ती घरंगळली, पुन्हा उचलून ठेवली.

"पाण्यानं नाही," ते म्हणाले. "ते मी पात्यानं खरवडलं. तिथे पिवळा रंग होता."

"पिवळा?"

"फिकट पिवळा. सगळ्या चित्रात कुठे नाही, म्हणून मला तो उपरा वाटला. त्रिकोणी होता. दोन कडा सरळ, अगदी धारदार. तिसरी पांघरुणाच्या घडीत गेलेली. रंग जाड होता. पुन्हा पुन्हा हात फिरवल्याशिवाय तसा थर बसत नाही. आता तो कुठेच नाही, बाई. माझ्या आठवणीत आहे तेवढाच."

सिस्टर मागे सरकल्या, हाताने चाचपडून खुर्ची शोधली, आणि दोन भेटींत प्रथमच बसल्या.

"कागदाचा कोपरा," त्या म्हणाल्या. "रुग्णालयाचा. पिवळेच असायचे तेव्हा त्यांचे कागद. उशीखाली ठेवला तर उशी झटकताना पडेल, म्हणून पांघरुणाच्या घडीत, गुडघ्याखाली ठेवला होता. नऊ दिवस. टोचायचा, म्हणून तर गुडघा हलायचा माझा." त्या एकदम हसल्या आणि हसताना डोळे पुसले. "आणि हा लबाड खेकसतोय, 'गुडघा हलवू नकोस!' त्याला दिसत होता कागद. पहिल्या दिवसापासून दिसत असणार, त्याच्या डोळ्यांतून काय सुटतंय! नऊ दिवस ठाऊक होतं, आणि तरी शेवटी म्हणतो, दोन तास थांब."

खिडकीखालून कोणी ढकलगाडी खडखडत नेली.

"वैद्यबुवांना इतकं स्पष्ट आठवतंय," संचालिकाबाई चाचरत म्हणाल्या, "तर पुन्हा काढता येईल. एवढासा तर आहे."

वैद्यबुवांच्या उजव्या हाताला जाग आली. पिवळ्याची नळी कोणत्या खणात आहे हे हाताला ठाऊक होते. कोणता कुंचला, किती तेल, सगळे ठाऊक होते.

"नको," सिस्टर म्हणाल्या. "यांनी काढला तर तो यांचा कागद होईल. दादानं काढला होता, यांनी पाहिला होता, मला सांगितला. झालं." त्या उठल्या, पुन्हा तीच खटखट चाल. "गाडी चुकेल माझी." दारापाशी मात्र क्षणभर थांबल्या, आणि वळून न पाहता म्हणाल्या, "तिसरे, हं."

पावले जिन्यावर विरली. संचालिकाबाईंनी चौकटीखालची पाटी उलटी करून ठेवली आणि त्याही गेल्या. वैद्यबुवांनी सगळे बोळे गोळा केले, ताटली धुतली, द्रावणाच्या बाटलीला बूच घट्ट बसवले. करण्यासारखे काही उरले नाही. तरी ते बसेनात. चित्रासमोर उभे राहिले की डोळा भिंतीवरच्या वेलींवरून पांघरुणावर उतरे, झुकलेल्या फुलांबरोबर कडेकडे धावे, आणि नखाएवढ्या त्या कोऱ्या जागेवर येऊन ठेचकाळे. तिथे जोड दिसत होता. प्रदर्शन उघडले की दालनात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो दिसणार होता.

हात पुन्हा खणाकडे निघाला. वैद्यबुवांनी तो दुसऱ्या हाताने मनगटाशी धरला, पाठीमागे नेला, आणि तसेच उभे राहिले.